चिकुनगुनियाच्या यादीत बायाच जास्त का?

संगणकवाला
८ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडच्या एका गावात ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक आहे. गाव दीडएक हजार वस्तीचं. पोळ्यापासून आमच्याकडे तापाची साथ सुरू आहे. दोन-तीन दिवस सणसणून ताप, अंगावर पुरळ, आणि सांधे असे धरतात की माणूस खाटेवरून उठताना आधी भिंत शोधतो. काहींचं रक्त तपासायला पाठवलं होतं, चिकुनगुनिया निघाला. यंदा नागपुरात काय चाललंय ते पेपरात वाचतच असाल.

आमच्या आशाताईंचं ऑनलाइन भरायचं काम बरेचदा माझ्याच टेबलावर येतं. काल त्यांची वही एक्सेलमध्ये टाकत होतो. ६४ नावं. त्यात बाया ४१, माणसं २३. वयं बहुतेक पस्तीस ते साठ. शाळेतली पोरं पाच. विशी-पंचविशीतला पोरगा एकच, तोही गणपतीला पुण्याहून आलेला.

यावर पंचायतीत तीन मतं पडली. सरपंचसाहेब म्हणाले, बायांचं रक्त गोड असते. एक मेंबर म्हणाले, कापसाची वेचणी तोंडावर आली की बायांचे सांधे दुखतातच, हे काही रोगाबिगाचं नाही. आशाताई एवढंच म्हणाल्या, "दिवसभर घरी कोण असते ते पाहा ना." आणि चहाचे कप उचलून निघून गेल्या.

शुक्रवारी ग्रामसभा आहे. धूर मारायचं मशीन मागवायचं की दुसरं काही करायचं, यावर बोलायचंय. तुमच्या गावात काय दिसलं? खरंच बायांना जास्त होतो का हा ताप?

टपरीवरचा
८ ऑक्टोबर, रात्री ९:५२

डासांनीही लाडकी बहीण योजना सुरू केलेली दिसते. अर्ज नाही, केवायसी नाही, थेट दंडात जमा.

निंबोळी
८ ऑक्टोबर, रात्री १०:०५

@टपरीवरचा, हसू आलं, पण चावते ती डासाची मादीच. अंडी घालायला तिला रक्त लागतं. नर आपला फुलांचा रस पिऊन सज्जन राहतो. तेव्हा हे प्रकरण बायकांचं बायकांतच आहे.

धागाकर्ते, आशाताईंच्या वाक्याला माझं अनुमोदन. माझं सासर दारव्ह्याकडचं. मी सध्या पुण्यात असते, पण गणपतीत पंधरा दिवस गावी होते आणि तेव्हाच सासूबाईंना झाला. घरातलं पाणी सांगते. नळ चार दिवसांनी येतो. त्यामुळे अंगणात दोन निळे ड्रम, न्हाणीत सिमेंटचं टाकं, स्वयंपाकघरात रांजण, आणि गुरांसाठी अर्धा कापलेला टायर. खिडकीला कूलर, तो उन्हाळ्यानंतर कोणी काढलेलाच नाही, कारण "दिवाळीपर्यंत उकडते". या सगळ्याच्या मध्ये सकाळी सहापासून कोण वावरतं? सासूबाई आणि मोठ्या जाऊबाई. सासरे न्याहारी करून शेतात. दीर दुकानात.

हा ताप पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. सकाळी आणि सूर्य कलल्यावर जास्त. म्हणजे भांडी घासायची वेळ आणि दिवेलागणीच्या आधी अंगण झाडायची वेळ. तो गोठ्याच्या डबक्यात नाही वाढत, त्याला घरातलं भरून ठेवलेलं पाणी आवडतं. ते भरतं कोण, ते तुम्हीच लिहा.

मेंबरसाहेबांना माझा निरोप द्या. सासूबाईंना अजूनही सकाळी मूठ वळत नाही. कणीक भिजवतात ती तळहाताच्या टाचेने. परवा फोनवर म्हणाल्या, "भाकर थापता येत नाही म्हणून पोळ्या करून रायलो, लाटणं तरी पकडता येते." नाटक करायचंच असतं तर त्यांनी स्वयंपाकच टाळला नसता का?

बुढ्याचा पोट्टा
८ ऑक्टोबर, रात्री १०:३१

आमच्या मोर्शीकडे तर काही इचारू नका बाप्पा. माही माय पडली, बहीण पडली, शेजारची काकू पडली, मंग बुढा पडला. मी काऊन नाई पडलो? तर मी दिवसभर संत्र्याच्या बगिच्यात. आता बगिच्यात काय मच्छर नाईत का? हायेत, पन ते दुसरे, संध्याकाळचे. हे पांढऱ्या पट्ट्याचे घरातच दबा धरून रायतात, पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यात. माह्या मायच्या साडीच्या घडीतून तीन निंगाले.

कूलरचं तर बोलूच नका. सबन विदर्भात घरटी एक कूलर अन् कूलरटी हजार मच्छर.

कट्टेकरी
८ ऑक्टोबर, रात्री १०:४०

"कूलरटी हजार मच्छर" :) :) आवडलं.

जुना एमओ
९ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

मी निवृत्त वैद्यकीय अधिकारी. नोकरीची बरीच वर्षं पूर्व विदर्भातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेली. धागा चांगला आहे, पण थोडा ब्रेक लावतो.

आशाताईंची वही म्हणजे साथ नव्हे. वहीत येतो तो माणूस, जो (१) आजारी पडला, (२) आशाला भेटला, आणि (३) ज्याचं दुखणं आशाने ताप म्हणून लिहिलं. आता आशा ही बाई. ती दुपारी घरी येते, चुलीपाशी बसते, बायांशी बोलते. घरधनी शेतात. त्याला ताप आला तर तो तालुक्याला जाऊन सुई टोचून घेतो, दोन सलाईन लावतो, आणि परत. त्याचं नाव कुठल्याच वहीत नाही. म्हणून ४१ आणि २३ हा आकडा खोटा नाही, पण तो दोन गोष्टींची बेरीज आहे: कोणाला रोग झाला, आणि कोण मोजलं गेलं.

वयाचंही तसंच. चिकुनगुनियाचा विषाणू पोरांनाही सोडत नाही. पण पोरांचा ताप बरेचदा तीन दिवसांत उतरतो, सांधे फार धरत नाहीत, आणि आई म्हणते व्हायरल होतं. चाळिशीनंतर हेच दुखणं महिनोन्‌महिने मागे लागतं, बायकांत जरा जास्तच. मग ती बाई पाच वेळा दवाखान्यात येते आणि सगळ्यांच्या लक्षात राहते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, खाली भागायला काय घेतलंत? तुमच्या गावात आज प्रत्यक्ष राहतात त्यात तरुण पोरं किती? बुटीबोरी, पुणे, हैदराबाद वजा केले की गावात उरतात बाया, म्हातारे आणि शाळेतली पोरं. जी माणसं गावात नाहीतच, ती यादीत कशी येणार?

संगणकवाला
९ ऑक्टोबर, सकाळी ८:०२

डॉक्टरसाहेब, हे डोक्यात आलंच नव्हतं. रेशनकार्डावर नावं आहेत, पण माणसं गावात नाहीत. आमच्याच वॉर्डात निम्मे तरुण बाहेर असतील.

शंकासुर
९ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

मला इथे सगळे एकाच बाजूला वाहवत चालल्यासारखे वाटतात. "दिवसा घरी बाई, म्हणून बाईला जास्त" हे ऐकायला सोपं आहे. मग डेंग्यूचं काय? डासही तोच, चावायची वेळही तीच. पण आशियातल्या सहा देशांच्या (लाओस, कंबोडिया, फिलिपिन्स, मलेशिया, सिंगापूर, श्रीलंका) नोंदी एकत्र पाहिल्या होत्या, तेव्हा १५ वर्षांपुढच्या वयात डेंग्यूचे नोंदलेले रुग्ण पुरुषच जास्त निघाले. आपल्याकडच्या दवाखान्यांतही डेंग्यूच्या वॉर्डात पुरुषांच्या खाटा जास्त भरलेल्या असतात. घरातल्या डासाचा नियम खरा असेल तर हे उलटं का?

निंबोळी
९ ऑक्टोबर, सकाळी ९:४४

कारण घरातला पुरुष आजारी पडला की गाडी निघते, आणि बाई आजारी पडली की क्रोसिन निघते. वॉर्डातल्या खाटा मोजून साथ कळत नाही, घराची पत कळते.

शंकासुर
९ ऑक्टोबर, सकाळी ९:५८

वाक्य छान आहे, पण पुरावा नव्हे. सिंगापुरात काय बायकांना दवाखान्यात नेत नाहीत? तिथे पुरुष बांधकामांवर आणि कारखान्यांत असतात, डास तिथेही आहेत. म्हणजे "घर" हा मुद्दा नाही, "जिथे डास आहे तिथे दिवसा कोण थांबतं" हा मुद्दा आहे. खेड्यात ते घर, शहरात ते बांधकाम.

निंबोळी
९ ऑक्टोबर, सकाळी १०:०३

हे मात्र मान्य. आणि हे आशाताईंच्या वाक्याच्या विरोधात अजिबात नाही.

आकडेमोड
९ ऑक्टोबर, दुपारी १:३०

शंकासुर, पुरावा हवा होता ना, घ्या. बांगलादेशातल्या एका खेड्यात चिकुनगुनियाची साथ आली होती. तिथे संशोधक दवाखान्यात बसले नाहीत, घरोघर गेले. अभ्यास २०१६ मध्ये छापला गेला. बायकांना लागण होण्याची शक्यता पुरुषांच्या दीडपट निघाली. गंमत पुढे आहे. त्या देशात लोक दिवसभर कुठे किती वेळ असतात याचा एक वेगळाच अभ्यास झाला होता. त्यात बायका घरी असण्याचं प्रमाणही पुरुषांच्या जवळजवळ दीडपटच होतं. म्हणजे रक्त गोड वगैरे काही लागत नाही, घरातले तास पुरतात.

त्याच अभ्यासातलं अजून थोडं, ग्रामसभेला उपयोगी पडेल. घरातल्या एकाकडून दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता १२ टक्के. पन्नास मीटरवर राहणाऱ्याला ०.३ टक्के. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना रोग सरासरी ९५ मीटर सरकतो. म्हणजे आपल्याकडे मारुतीच्या पारापासून पिठाच्या गिरणीपर्यंत.

आणि मच्छर अगरबत्ती रोज लावणाऱ्या घरांत काही फरक पडलेला दिसला नाही.

टपरीवरचा
९ ऑक्टोबर, दुपारी १:४१

अगरबत्तीचा फरक पडतो, मला खोकला येतो.

बुढ्याचा पोट्टा
९ ऑक्टोबर, दुपारी २:१०

कडुनिंबाचा पाला जाळा लेकहो. आमचा बुढा रोज जाळते. मच्छर जाते शेजारच्या घरी, अन् शेजारचा पाला जाळला की परत येते.

पांदण
९ ऑक्टोबर, सायं ६:१५

पहिल्यांदाच लिहितोय. नागपूरला बालरोग विभागात परिचारक आहे. वर एमओसाहेबांनी पोरांबद्दल लिहिलं ते बरोबर, पण एक गट सगळेच विसरताहेत: ओल्या बाळंतिणी आणि नुकतं जन्मलेलं बाळ. बाळंतपणाच्या दिवसांतच आईला ताप असेल तर बाळाला लागण होण्याचा धोका मोठा असतो. २००५-०६ मध्ये रियुनियन बेटावर मोठी साथ आली होती, जवळजवळ एक तृतीयांश बेट आजारी पडलं. तिथे रक्तात विषाणू असताना बाळंत झालेल्या आयांच्या बाळांपैकी निम्म्याच्या आसपास बाळांना झाला. बाळ दोन-चार दिवस बरं असतं, मग दूध सोडतं, अंगावर काळपट डाग येतात. विदर्भात बाळंतीण माहेरी खेड्यातच असते, मच्छरदाणी बाळाला असते, आईला नसते. आशाताईंना सांगा, ताप आलेली आठव्या-नवव्या महिन्यातली बाई वहीत वेगळ्या शाईने लिहा.

जुना एमओ
९ ऑक्टोबर, सायं ६:४०

पांदण, उत्तम. हे मी लिहायला हवं होतं.

कट्टेकरी
९ ऑक्टोबर, रात्री ८:२०

अवांतर: चांदीपुरा पण आपल्याच विदर्भातला डासांचा रोग ना? त्यातही बायका जास्त असतात का?

जुना एमओ
९ ऑक्टोबर, रात्री ८:५५

गाव आपलंच, नागपूरजवळचं. १९६५ मध्ये तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात हा विषाणू पहिल्यांदा सापडला म्हणून नाव चांदीपुरा. पण तो पसरवते मुख्यतः वालुमाशी. डासाच्या पाव आकाराची, भिंतीच्या भेगांत राहणारी, शेणामातीच्या घरात जास्त. आणि तिथे चित्र अगदी वेगळं, जवळजवळ सगळे रुग्ण १५ वर्षांच्या आतले. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली, त्यातली १८३ दगावली. सकाळी खेळणारं पोरगं रात्री झटके येऊन बेशुद्ध. मी असा एक मुलगा पाहिलाय, त्याबद्दल लिहीत नाही.

जपानी मेंदूज्वरही मुख्यतः पोरांचाच. तो क्युलेक्स डासाने येतो, हा डास भाताच्या बांधीत वाढतो आणि रात्री चावतो. डुकरं आणि बगळे त्या विषाणूचं भांडार. म्हणून तो आमच्या भंडारा-गोंदियाकडच्या धानपट्ट्याचा आजार, तुमच्या कपाशीकडचा कमी. तिथे मोठी माणसं का वाचतात? कारण लहानपणीच डास चावून चावून त्यांच्या अंगात प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. नव्याने आलेलं पोर कोरं असतं.

हा "कोरं कोण" प्रश्न चिकुनगुनियालाही लावून बघा. २००६ मध्ये आपल्याकडे हा ताप बत्तीस-तेहतीस वर्षांनी आला होता. त्याआधीची मोठी साथ १९७३ ची, बार्शीची. त्यामुळे २००६ मध्ये सगळा देश कोरा होता, संशयित रुग्णच १३ लाख ९० हजारांच्या घरात गेले. हा ताप एकदा झाला की बहुधा पुन्हा होत नाही. मग आता तुमच्या गावात २००६ ला कोण पडलं होतं, ते विचारा.

बुढ्याचा पोट्टा
९ ऑक्टोबर, रात्री ९:१२

२००६ मले आठवते. मी सातवीत होतो. सबन गाव लंगडत होतं. आमच्या मास्तरानं खडू धरताच येईना म्हून आठ दिवस नुस्त्या गोष्टी सांगितल्या. बेस्ट वर्ष होतं ते शाळेचं.

शंकासुर
९ ऑक्टोबर, रात्री ९:३०

तुमची माय तेव्हा पडली होती का?

बुढ्याचा पोट्टा
९ ऑक्टोबर, रात्री ९:३३

इचारतो. झोपली आता.

पपईप्रेमी
९ ऑक्टोबर, रात्री ११:०१

पपईच्या पानांचा रस रोज सकाळी अर्धी वाटी, आणि सांध्यांना

संपादक
९ ऑक्टोबर, रात्री ११:२०

वरच्या प्रतिसादातला औषधाचा मजकूर काढला आहे. इथे उपचार सुचवू नयेत. तापात पॅरासिटामॉलपलीकडची वेदनाशामकं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढू शकतो.

बुढ्याचा पोट्टा
१० ऑक्टोबर, सकाळी ६:४८

माय म्हनते नाई पडली. २००६ ले ती मामाकडे होती दोन महिने, मामीचं बाळंतपन होतं. बुढा तवा पडला होता म्हनते, पन यंदाबी पडला. तं एमओसाहेब, हे कसं?

जुना एमओ
१० ऑक्टोबर, सकाळी ७:३०

२००६ ला सांधे दुखले म्हणजे चिकुनगुनियाच होता असं नाही. रक्त तपासलं होतं का कोणी? किंवा यंदाचा त्यांचा ताप वेगळा असेल. एका बुढ्यावरून मी सिद्धांत मोडणार नाही. :)

संगणकवाला
११ ऑक्टोबर, रात्री १०:५०

मंडळी, ग्रामसभा झाली. दमलोय, पण लिहूनच झोपतो.

काल-परवा दोन दिवस आशाताई आणि मी आमच्या वॉर्डातल्या ५८ घरी गेलो. संध्याकाळी सहानंतर, म्हणजे माणसं घरी असताना. प्रत्येक घरी विचारलं: आज इथे झोपणारे किती, पोळ्यापासून ताप आणि सांधेदुखी कोणाला, २००६ ला कोण पडलं होतं. रेशनकार्ड बघितलंच नाही.

प्रत्यक्ष राहणारे निघाले २०४. बाया ११०, माणसं ९४. आजारी पडलेल्या बाया ४६, माणसं ३१. म्हणजे बघा, आशाताईंच्या वहीत बाया माणसांच्या पावणेदोन पट होत्या. दारोदार गेल्यावर दीडपटच राहिल्या. आणि राहणाऱ्यांच्या हिशोबाने काढलं (शंभरात ४२ बाया, शंभरात ३३ माणसं), तर सव्वापट. एमओसाहेबांचं "कोण मोजलं गेलं" इतकं मोठं असेल असं मला वाटलं नव्हतं. पण फरक शून्यावरही आला नाही, म्हणजे आशाताईही बरोबर.

पोरं तर मोजलीच गेली नव्हती. १५ वर्षांच्या आतली १९ निघाली. वहीत पूर्ण गावातून पाच होती! एका घरी आई म्हणाली, याला काही नाही झालं. पोरगा मागून म्हणाला, "आये, मी दोन दिवस शाळेत नाही गेलो ना, तू मला हळदीचं दूध दिलं होतं."

२००६ ला "त्या तापात" पडलेले ३७ जण सापडले. त्यातले यंदा पडले ३. आणि हे ऐका: यंदा पडलेल्या बायांत बऱ्याच जणी २००६ नंतर लग्न होऊन आलेल्या सुना. एकीचं माहेर वरूड, एकीचं पांढरकवडा, त्यांच्याकडे तेव्हा एवढा आला नव्हता म्हणतात. म्हणजे एकाच घरात सासू ठणठणीत आणि सून आडवी, हे तीन घरी दिसलं. त्यातल्या एका सासूने आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, की सून आळशी आहे, दुखण्याबिखण्याचं काही खरं नाही. आशाताईंनी तिला १५ मिनिटं विषाणू समजावून सांगितला. पटला नाही.

एक गोष्ट लिहायला लाज वाटते. गावाबाहेर एक बेडा आहे, म्हणजे भटक्या-विमुक्तांची वस्ती, १४ घरांची. आमच्या वहीत तिथलं एकही नाव नव्हतं. मला वाटलं, बरं आहे, तिकडे साथ नाही. काल गेलो तर प्रत्येक घरात कोणी ना कोणी कण्हत होतं. त्यांच्याकडे नळच नाही, टँकरचं पाणी ड्रममध्ये आठवडा आठवडा. तिथली माणसं मी वरच्या २०४ मध्ये धरलेली नाहीत.

आकडेमोड
११ ऑक्टोबर, रात्री ११:१५

सलाम. एकच टोचणी: ६४ पूर्ण गावाचे आणि ७७ एका वॉर्डाचे, तेव्हा पावणेदोन आणि दीडपट थेट शेजारी ठेवू नका. आकडे लहान आहेत, दोन घरं इकडची तिकडे झाली तरी हलतील. पण दिशा पटते.

शंकासुर
११ ऑक्टोबर, रात्री ११:२२

दिशा मलाही पटली. लिहून ठेवा, मी रोज रोज असं म्हणत नाही.

निंबोळी
११ ऑक्टोबर, रात्री ११:३०

सभेत काय झालं ते सांगा की! मेंबरसाहेब काय म्हणाले?

संगणकवाला
१२ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

दसऱ्याच्या शुभेच्छा सगळ्यांना.

सभेत आधी मशीनचंच चाललं होतं. मी आकडे वाचले. अर्ध्या लोकांना झोप आली, खोटं कशाला बोलू. मग मी ९५ मीटरचं सांगितलं आणि माणसं एकदम जागी झाली. लगेच "तुझ्या ड्रमातला मच्छर माझ्या घरी आला" यावर दोन भाऊ भांडायला उठले. मशीनचा धूर उडत्या डासाला मारतो, ड्रममधल्या अळीला नाही, हे मी सांगायच्या आत आरोग्यसेवकांनी सांगितलं. त्यांनी टेमीफॉस (अळ्या मारायचं औषध) टाकायचं आणि विहिरीत-हौदात गप्पी मासे सोडायचं कबूल केलं.

मग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा विषय निघाला. अंडी ते डास हा प्रवास आठ-दहा दिवसांचा, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं पाणी उपसून, घासून, सुकवायचं. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक काकू उभ्या राहिल्या. उजवा हात पदरात गुंडाळलेला होता. म्हणाल्या, "पानी फेकाले सांगता, नळ कवा येते ते आदी सांगा. भरलेलं पानी फेकू अन् तीन दिवस काय तुमच्या घरी येऊ?"

कोणी बोललं नाही. खरंच, चूक पंचायतीची आहे. पाण्याचा वार कधीच ठरलेला नसतो, मोटर चालली तर पाणी. दीड तास वाद होऊन ठरलं: बुधवार आणि रविवार, सकाळी सहा ते आठ, आमच्या वॉर्डाला नळ. बुधवारी पहाटे टाकी घासायची आणि मग भरायची. बेड्यावर टँकर कधी जाईल तेही त्याच कागदावर लिहिलं. टिकेल की नाही, मोटर जाणे.

मेंबरसाहेब बोलले नाहीत. वेचणीला बाया मिळत नाहीत म्हणून ते खरोखर अडचणीत आहेत, तेही खरं. सीतादही (वेचणी सुरू करायची पूजा) करून चार दिवस झाले, कापूस फुटून लोंबतोय आणि वेचणारीची बोटं वळत नाहीत. किलोवर मजुरी असते, त्यामुळे जी रोज चाळीस किलो वेचायची ती पंधरावर आली की तिचा दिवस गेला.

पांदण
१२ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

टाकी नुसती उपसू नका. अंडी पाण्याच्या रेषेला भिंतीवर चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. काथ्याने किंवा ब्रशने घासावंच लागतं. कूलरचं गवतही काढून जाळा.

टपरीवरचा
१२ ऑक्टोबर, सकाळी ९:५५

धागाकर्ते, पंचायतीतल्या कूलरचं काय?

संगणकवाला
१२ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

@टपरीवरचा, तुम्ही आमच्या गावचे आहात का?

आत्ता उघडून बघितला. माझ्या खुर्चीच्या मागेच असतो. मोबाइलची बॅटरी लावली तर पाणी वळवळलं, सगळ्या अळ्या एकदम सुळकन तळाशी गेल्या, आणि मिनिटभरात एकेक करून वर येऊन डोकं खाली करून लटकल्या. मी एप्रिलपासून तिथे बसतो.

टपरीवरचा
१२ ऑक्टोबर, सकाळी ११:३४

नाही हो, आमच्या पंचायतीतही तोच कूलर आहे.

निंबोळी
१२ ऑक्टोबर, दुपारी ४:२०

तुमचा एक्सेलचा तक्ता मिळेल का? आमच्या गावच्या आशाताईंना पाठवते. रकाने कोणते घेतले?

संगणकवाला
१२ ऑक्टोबर, सायं ७:१०

संदेशात पाठवला. रकाने साधेच: घर, आज इथे झोपणारे, वय, बाई की माणूस, ताप कोणत्या तारखेला, २००६ ला पडले का, लग्न होऊन कधी आली, पोटुशी किंवा बाळंतीण आहे का, औषध कुठून घेतलं. शेवटचा रकाना आशाताईंनी वाढवायला लावला: "दुपारी घरी कोण होतं".